काचेवरचा मोजा

“तो गजरा जरा काढता का, अक्का?” टिळेकर सर अतिशय नम्रपणे म्हणाले. “आणि साडीही बदललीत तर बरं. घरात रोज असता तशा बसा. अगदी नैसर्गिक.”

अक्काताई नलवडे खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अंगावर इस्त्रीची जांभळी इरकल, अंबाड्यात अबोलीचा गजरा, तोंडाला पावडर. फोटोवाले येणार म्हणून बाई पहाटेपासून तयार होऊन बसली आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांनी सरांकडं पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “घरात मी रोज अशीच असतो.”

आमच्या सांगलीकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. माझी आजीही तसंच बोलायची. पुण्यात आठ वर्षं काढून मी ते ऐकायची सवय घालवून बसले होते, त्यामुळं मला हसू आलं आणि मी ते कॅमेऱ्यामागं लपवलं. टिळेकर सरांना मात्र हसू आलं नाही. त्यांना सकाळपासून उशीर होत होता.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि लग्नांचे फोटो काढून काढून विटले होते. त्यात टिळेकर सरांच्या ट्रस्टचं काम मिळालं. उतारवयातल्या, विस्मरणात गेलेल्या बारा कलावंतांचे फोटो काढायचे, त्यांचं प्रदर्शन भरणार, पहिला मान सांगलीला आणि मग पुण्या-मुंबईत. प्रदर्शनाचं नाव ‘मावळतीचे रंग’, आणि सगळे फोटो काळे-पांढरे. ही गंमत तेव्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. माझं नाव पहिल्यांदाच भिंतीवर लागणार होतं, एवढंच मला दिसत होतं. अकरा जणांचे फोटो झाले होते. अक्का बाराव्या. एके काळी सर्कशीत झुल्यावर काम करणाऱ्या, तंबूबाहेरच्या पाट्यांवर ‘मिस शालिनी’ म्हणून झळकलेल्या, आणि आता सांगलीवाडीतल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या.

सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांना हवी होती ती भिंत त्यांनी आल्या आल्याच हेरली होती. दोन हजार पाचच्या महापुराचं पाणी खोलीत चढलं होतं, त्याची तपकिरी रेघ खांद्याच्या उंचीवर अजून तशीच होती. त्या रेघेखाली अक्कांना बसवायचं. बाजूला औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. मग उठून चालतानाचा एक फोटो, कंबरेतलं लंगडणं दिसेल असा. “प्रत्येक सुरकुती मोजता आली पाहिजे, केतकी,” ते म्हणाले. “बघणाऱ्याला हळहळ वाटली तरच त्याचा हात खिशात जातो. आणि रॉ फाइल माझ्याकडं दे, नेहमीसारखी. पुढचं आपला डिझायनर करेल.”

सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. एका अंध शाहिराच्या घरातून बाहेर पडल्यावर गाडीत बसून रडलेले मी त्यांना पाहिलंय. त्यांच्या ट्रस्टनं किती म्हाताऱ्या माणसांची औषधं चालवली होती. पण त्यांना कलावंत दिसायचा तो पडलेला, मोडलेला. उभा कलावंत दिसला की ते अस्वस्थ व्हायचे. मी मान डोलावली. आधीच्या अकरा वेळाही डोलावली होती.

सर मिरजेला एका तबलजींकडं गेले. पाच वाजता मला न्यायला येणार होते. गाडीचा आवाज विरला तशा अक्का म्हणाल्या, “गेला का साहेब? मंग आता चा ठेवतो.”

चहा उकळेपर्यंत मी सरांनी सांगितल्याप्रमाणं अक्कांना रेघेखाली बसवून दोन फोटो काढले, औषधांच्या पट्ट्यांचा एक काढला. मग चहा पिताना खोलीभर पाहिलं. कुठं काहीच नव्हतं. म्हणजे फोटो नव्हता. सर्कशीतल्या बाईच्या घरात झुल्यावरचा एकतरी फोटो असेल, पोस्टर असेल, असं मला वाटलं होतं. मी विचारलं, तर त्यांनी हनुवटीनं त्या तपकिरी रेघेकडं दाखवलं.

“सगळे भिंतीवर हुते. सतरा फोटू. पाणी आलं तवा मी शाळंत जाऊन बसलो हुतो. पंधरा दिसांनी घर उघडलं तर काचंला नुसता चिखूल चिकटलेला. काच काढली तर कागुद संगं आला.” त्यांनी बशीतला चहा फुंकला. “ट्रंक तेवढी माळ्यावर हुती, ती ऱ्हायली. पोशाक ऱ्हायला आन पोशाक घालणारी गेली.”

हे त्या दुःखानं सांगत नव्हत्या. एखाद्या गावाचा पत्ता सांगावा तसं सांगत होत्या. मग कप खाली ठेवून माझ्याकडं वळल्या.

“म्हंजी आता तू काढशील त्योच एक. मी मेल्यावर पोरंबाळं न्हाईत, पर भाची हाय कुपवाडला, ती हार घालंल. त्यो हार कुणाला घालायचा? त्या रेघंखाली बसलेल्या म्हातारीला? औषिदाच्या पाकिटाला?” त्या पुढं म्हणाल्या, “साहेबानं मदत द्यायची तर द्यावी. न्हाई म्हणणार न्हाई मी, कंबर दुखतीच. पर फोटू माझा हाय.”

मी म्हटलं, मग कसा हवाय तुम्हाला? त्यांना ते नेमकं ठाऊक होतं. सर्कस मिरजेला आली की गुलाबभाई मुल्ला नावाचे फोटोग्राफर यायचे, ते काढायचे तसा. त्या फोटोत कशालाच कड नसायची. दिवा असेल तर दिव्याभोवती उजेड सांडलेला असायचा. चेहरा ओळखू यायचा, पण चेहऱ्यावर बोट ठेवून इथं तो संपला असं म्हणता यायचं नाही. जुन्या सिनेमातल्या नायिकांचे फोटो असायचे तसा, मी म्हटलं. अक्का म्हणाल्या, नायिकांचं मला माहीत नाही, मी माझं सांगतो.

मला हुशारी सुचली. हुशारी या गोष्टीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

अक्कांना मी मागच्या परसात नेलं. दुपारचं ऊन शेवग्याच्या झाडातून गळून येत होतं. मी कॅमेऱ्याच्या मेनूत शिरले. फोटो काढल्यावर कॉम्प्युटरवर बसून जे करतात ते बरंचसं कॅमेऱ्यालाच आधी सांगून ठेवता येतं, फक्त लग्नाच्या धावपळीत कुणी सांगत नाही. मी शार्पनेस पार तळाला नेला. कॉन्ट्रास्ट उतरवला, म्हणजे सावल्या काळ्याकुट्ट न होता मवाळ राहतात. रंग थोडे फिके केले. रंगांचा तोल ‘सावली’च्या खुणेवर ठेवला, त्यानं सगळ्यावर एक उबदार पिवळसर झाक येते. उजेड एका पायरीनं वाढवला. आयएसओ चढवला, जुन्या फिल्मवर असायची तशी बारीक रवाळ जमीन यावी म्हणून. लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं आणि अक्कांना उन्हाकडं पाठ करून उभं केलं. आठ-दहा फोटो काढले आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्या कितीतरी वेळ त्या पडद्याकडं पाहत राहिल्या. अंबाड्याभोवती ऊन विरघळलं होतं. गजऱ्याची फुलं वेगळी मोजता येत नव्हती. अक्कांनी कॅमेरा दूर धरला, जवळ आणला, पुन्हा दूर धरला.

“जमतंय तुला,” त्या म्हणाल्या.

मी फुशारले. आणि माझी हुशारी अशी होती: कॅमेरा प्रत्येक वेळी दोन फाइल ठेवत होता. एक जेपीजी, म्हणजे मी सांगितल्याप्रमाणं शिजवून वाढलेला फोटो, जो अक्का बघत होत्या. आणि तिच्याखाली रॉ, म्हणजे कच्चा माल, ज्याला रंगांच्या आणि धारेच्या माझ्या सूचनांचा स्पर्श नव्हता. त्या रॉमध्ये प्रत्येक सुरकुती जागच्या जागी होती. पुण्यातला डिझायनर ती उघडणार, रंग काढून टाकणार, धार लावणार, उन्हाची राख करणार. बाई खूश, सर खूश, माझं नाव भिंतीवर. दोन्ही दगडांवर पाय ठेवून मी मजेत उभी होते.

तेवढ्यात अक्कांनी विचारलं, “हे काचंवर केलंस का मागनं?”

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. गुलाबभाई म्हणायचे, लेन्सच्या काचेवर केलं ते फिल्ममध्ये उतरतं, ते ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. पण नंतर धुताना काही केलं असेल, तर दुसरा कुणीही तीच फिल्म घेऊन वेगळं धुऊ शकतो. “म्हून इचारतो. तुझ्या साहेबाला मागनं धुता येतंय का हे?”

पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या सत्तरीच्या म्हातारीनं डिजिटल कॅमेऱ्याच्या वर्मावर असं बोट ठेवावं, याची मला तयारी नव्हती. खोटं बोलता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की बाहेर पडलं ते खरंच पडलं. मी सांगितलं, की हो, येतं. खाली एक दुसरी फाइल आहे. साहेबांना तीच द्यायचीय.

अक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या पायरीवर बसल्या, दुखरा पाय लांब केला आणि म्हणाल्या, “माझा झेलणारा हुता एक. माधवन. केरळचा. धा वर्सं झेललं त्यानं मला, कदी बोट चुकलं न्हाई. बेळगावच्या मुक्कामाला त्यानं हात फुडं केला. मला दिसला. मी झुला सोडला. आन त्येला वाटलं येळ चुकली, म्हून त्यानं हात मागं घेतला.”

“मग?”

“मंग काय? जाळीच्या कडंला कंबार.” त्यांनी मांडीवर हलकेच थाप मारली. “लोक म्हनले, त्यानं झेललं न्हाई म्हून पडली. तसं न्हाई. त्यानं हातच केला नसता, तर मी झुला सोडलाच नसता. माघारी आलो असतो मचाणावर. हात दावून मागं घेणं, ते वाईट.”

उठल्या, आत गेल्या. माळ्यावरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मी मदतीला धावले तर दारातच हातानं थांबवलं. थोड्या वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जुना, अंगाच्या रंगाचा लांब मोजा होता, झुल्यावरच्या मुली पोशाखाखाली घालतात तो. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दुसऱ्या हातात कात्री, रबर आणि पेटलेली उदबत्ती.

“गुलाबभाई आमचेच फाटके मोजे मागून न्यायचा,” त्या म्हणाल्या. “सगळ्या पोरींच्यात माझा मोजा त्येला आवडायचा. ईण बारीक हुती.”

त्यांनी पोटरीच्या भागाचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि मला लेन्स पुढं धरायला सांगितली. तुकडा काचेवर ताणला, वर रबर चढवलं, जास्तीचं कापड मागं दुमडलं. मग उदबत्तीचं टोक मधोमध, काचेला न लागेल अशा बेतानं टेकवलं. शेंगदाण्याएवढं भोक पडलं. मी श्वास रोखून धरला होता, लेन्स माझी होती आणि माझ्याकडं ती एकच होती. अक्कांचा हात जराही हलला नाही.

“मधे भोक ठेवायचं,” त्या म्हणाल्या. “डोळं तेवढं जागं ऱ्हायला पायजेत.”

आता हे काचेवर होतं. रॉ काढली असती तरी कड विरघळलेलीच आली असती. पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट येऊन बसली होती. रंग, ऊन, तो उबदारपणा हे अजून माझ्या मेनूत होतं आणि रॉमधून ते कुणालाही खरवडून काढता आलं असतं. मी आधी कार्ड फॉरमॅट केलं. सकाळपासूनचं सगळं गेलं, भिंतीचे दोन फोटो, औषधांचा एक, सगळं. मग मेनूत परत गेले आणि जिथं ‘रॉ आणि जेपीजी’ लिहिलं होतं तिथं नुसतं ‘जेपीजी’ केलं. अंगठ्याचा एक खटका. आता चुकलं तर सुधारायला काही नव्हतं आणि साधलं तर बिघडवायला काही नव्हतं.

“हं, अक्का. उभ्या राहा. तुम्हाला वाटेल तशा.”

त्या शेवग्याखाली गेल्या. पदर खोचला. चांगल्या पायावर भार टाकला, दुखऱ्या पायाचा चवडा पुढं टेकवला, हनुवटी उचलली आणि उजवा हात वर नेला, डोक्याच्याही वर, पंजा उघडा. काम संपल्यावर सर्कशीतली मुलगी प्रेक्षकांना करते तो सलाम. त्या पवित्र्यात लंगडणं कुठं गेलं ते मला शोधूनही सापडलं नाही. मी चोवीस फोटो काढले. सतराव्याला वारा आला, शेवग्याची पानं हलली आणि मागचा सगळा उजेड थरथरला.

तो मी त्यांना दाखवला. या वेळी कॅमेरा त्यांनी जवळ-दूर केला नाही. एकदाच पाहिला.

“झुल्यावरनं असंच दिसतंय,” त्या म्हणाल्या. “तू कदी गेलीस का वर? तितनं माणसं दिसत न्हाईत. खुर्च्या न्हाईत, तंबूचं भोक न्हाई, काय न्हाई. नुसता उजेड पळत असतोय. कड कशालाच नसती. मी बावीस वर्सं हेच बगितलंय. तुझा साहेब म्हणंल, खोटा फोटू हाय. त्येला सांग, म्हातारी खालनं बगणाऱ्यातली न्हाई.”

इतका वेळ मला वाटत होतं की या बाईला सुरकुत्या झाकायच्या आहेत. मला माझीच लाज वाटली. मी गुपचूप लेन्सवरचं रबर काढलं आणि तो तुकडा माझ्या पाकिटात ठेवला.

सर साडेपाचला आले. गाडीत बसण्याआधीच त्यांनी कॅमेरा मागितला, ही त्यांची पद्धत होती. अक्का दारात उभ्या होत्या. सरांनी एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर चोविसही पुढं सारले.

“हे छानच आहे,” ते म्हणाले. “अक्कांना एक प्रिंट दे याची. आता खरे दाखव. भिंतीवरचे.”

“तेवढेच आहेत, सर.”

“बरं. मग याची रॉ आहे ना? काढू त्यातून काहीतरी.”

“रॉ नाहीये.”

सरांनी चष्मा काढून पुसला. ते खरोखर चांगले होते, कारण त्यांनी मला वाट करून दिली. सेटिंग चुकून बदललं गेलं असेल, ते म्हणाले, दमल्यावर होतं असं, मी मुक्काम करतो, उद्या सकाळी पुन्हा येऊ. नुसतं हो म्हणायचं होतं. मी विसरले, एवढं एक वाक्य. ते जिभेवर येऊन थांबलंही होतं. पण अक्का दारातून बघत होत्या.

“विसरले नाही, सर. बंद केली.”

“का?”

“यांना हाच फोटो हवाय. आणि मलाही.”

“केतकी, आपण ब्युटी पार्लर चालवत नाही. हे सत्य नाही.”

“सकाळी तुम्ही गजरा काढायला सांगत होता,” मी म्हटलं. “ते कुठलं सत्य होतं?”

सरांचा चेहरा लाल झाला. ते अक्कांकडं वळून समजावू लागले, की प्रदर्शनात तुम्ही नसाल तर तुमचं नाव मदतीच्या यादीत पुढं रेटणं मला अवघड जाईल, तुमच्या कंबरेसाठी म्हणून सांगतोय. अक्कांनी ऐकून घेतलं.

“कंबार माझी हाय,” त्या म्हणाल्या. “दुखली तर मलाच दुखंल. तुमी कशाला तरास करून घेता?”

सर एकटेच गाडीत बसले. मी बॅग खांद्यावर टाकून सांगली स्टँडपर्यंत चालत गेले. पुण्याच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर मला रडू आलं, ते लपवत नाही. सहा महिन्यांच्या कामाचा मान मी खटक्यासरशी घालवला होता. पण रडताना मला मधेच हसूही येत होतं आणि शेजारची बाई सरकून बसली.

फोटोची मोठी प्रिंट मी आठवड्यात अक्कांना पाठवून दिली. पोचल्याचा निरोप आला नाही.

प्रदर्शन तीन आठवड्यांनी सांगलीत एका नाट्यगृहाच्या दालनात उघडलं. मला बोलावणं नव्हतं, पण माझे अकरा फोटो लागणार होते, म्हणून मी गेले. उभी राहिले त्यांच्यासमोर. शाहिराच्या डोळ्यांतलं पाणी, एका नाटकवाल्याच्या शर्टाचं उसवलेलं बटण, नाच सोडून भांडी घासणाऱ्या बाईची नखं. सगळं लख्ख, सगळं मोजता येईल असं. फोटो उत्तम होते, तेच तर वाईट होतं. त्या अकरांपैकी एकालाही मी विचारलं नव्हतं की तुम्हाला कसा हवाय. लोक पुढ्यात उभे राहून च्‌ च्‌ करत होते आणि ते ऐकताना माझी मान खाली जात होती.

शेवटी एक खिळा मोकळा होता. खाली नावाची पट्टी मात्र होती, कारण पट्ट्या आधीच छापून झाल्या होत्या: ‘अक्काताई नलवडे, सर्कस कलावंत’. पाहुणे आले, समई लागली, सर बोलायला उभे राहिले, आणि मागचं दार उघडलं.

अक्का लंगडत आत आल्या. तीच जांभळी साडी, ताजा गजरा. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. कुणाकडंही न बघता त्या थेट शेवटच्या खिळ्यापाशी गेल्या, टॉवेल सोडला. आत सोनेरी पट्टीच्या चौकटीत माझा फोटो होता. काळ्या-पांढऱ्या अकरा चेहऱ्यांच्या रांगेत तो एकटा उन्हाच्या रंगाचा होता. सरांचं बोलणं थांबलं.

अक्कांनी खिळा पाहिला आणि मान हलवली.

“हितं न्हाई. हितवर पाणी येतंय.”

खिळा खांद्याच्या उंचीवर होता, पण कुणाला काही कळलं नाही. त्यांनी वर बघितलं. भिंतीच्या पार वरच्या टोकाला, जिथं कापडी फलकाची दोरी बांधली होती, तिथं एक मोठा हूक होता. दिवे लावायची लाकडी शिडी कोपऱ्यात टेकवलेली होती. ती त्यांनी स्वतः ओढत आणली. तेव्हा मग सर धावले. अक्का, खाली या, काय करताय, कंबर, वय, असं बरंच काही ते म्हणाले. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, शिपायाला सांगा ना, तो लावेल. अक्कांनी पदर खोचला, चौकट काखेत मारली आणि गर्दीवरून नजर फिरवून मला शोधलं.

“केतकी, शिडी धर.”

पहिल्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. दुसरीवर नाही. तिसरीनंतर तर लंगडणं उरलंच नाही, चढणाऱ्या बाईला बहुतेक ते लागत नसावं. सर माझ्या कानाशी सांगत होते, तिला खाली उतरव, पडली तर जबाबदारी कुणाची, सोड ती शिडी. मी सोडली नाही. सगळं दालन माना वर करून बघत होतं, च्‌ च्‌ करणारी तोंडं उघडीच राहिली होती. सर्वांत वरच्या पायरीवर अक्कांनी दोन्ही हात मोकळे केले, फोटो हुकाला अडकवला, तळहातानं सरळ केला. मग सावकाश वळल्या आणि उजवा हात डोक्याच्या वर नेला.

टाळ्या कुणी आधी वाजवल्या ते मला माहीत नाही. माझ्या मागं मोबाइलचे आणि कॅमेऱ्यांचे आवाज येत राहिले. दुसऱ्या दिवशी दोन पेपरांत ते फोटो आले, एकात अक्का हलल्यात आणि दुसऱ्यात समोरच्या दिव्यानं पांढऱ्या पडल्यात.

माझ्या आयुष्यात घेण्यासारखा फोटो तोच होता आणि तो माझ्याकडं नाही. माझे दोन्ही हात शिडीला होते.